आधी खुबा, मग हॉस्पिटल

खुबा मागच्या बाजूला निखळलेला माणूस स्ट्रेचरवरून आत येतो, तेव्हाच सरावलेल्या डोळ्याला कळतं. एक पाय आखूड झालेला असतो, गुडघा थोडा वाकलेला, मांडी आत वळलेली, पाऊल दुसऱ्या पायाकडे तोंड करून पडलेलं. घरात घसरून खुब्याशी हाड मोडलेल्या आजीचं पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडतं. इथे नेमकं उलट. पेशंटला तो पाय सरळ करता येत नाही आणि दुसरं कुणी सरळ करायला गेलं तर तो ओरडतो. खुब्याचा गोळा जिच्यात बसतो त्या उखळीची भिंत मोठी फुटली असेल तर हे चित्र इतकं ठळक नसतं, म्हणून एक्स-रे हवाच. पण कॅज्युअल्टीतला चांगला रेसिडेंट डॉक्टर एक्स-रेची वाट पाहत असतानाच मनात घड्याळ लावून मोकळा झालेला असतो.

हे घड्याळ घरच्यांना दिसत नाही आणि माझी सगळी तळमळ त्यासाठीच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडांच्या वॉर्डात काम करते. पेशंट माझ्या हातात येतो तो सगळं पार पडल्यावर. तोपर्यंत जे बिघडायचं ते बिघडलेलं असतं आणि जे वाचायचं ते वाचलेलं असतं. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे की या दुखापतीत नातेवाइकांची घाई आणि धीर यांची अदलाबदल होते. जिथे एकेक तास मोलाचा, तिथे लोक ओळखीचं हॉस्पिटल शोधत बसतात. आणि जिथे चार दिवस थांबणंच शहाणपणाचं, तिथे डॉक्टरांशी भांडतात. अजाणतेपणी होतं, माणसाच्या काळजीपोटी होतं. पण त्याची किंमत त्या खुब्याला मोजावी लागते.

हे मी वॉर्डात बघत होतेच. मग ते घरात आलं.

दादरच्या फुलबाजारात माझ्या मामाचा गाळा आहे. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, झेंडूची आवक जोरात. मामेभाऊ पुण्याच्या बाजूने माल घेऊन टेम्पोतून येत होता, ड्रायव्हरशेजारी बसून. मागे हौद्यात झेंडू खच्चून भरला होता. शेवंतीची एक करंडी चेंगरू नये म्हणून त्याने ती पुढे घेतली आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली. पहाटे मानखुर्दच्या जवळ रस्त्याकडेला दिवे न लावता उभ्या असलेल्या डंपरवर टेम्पो मागून आदळला. भावाचे गुडघे डॅशबोर्डवर. उजवा जास्त जोरात.

इथे जरा थांबते, कारण ती करंडी महत्त्वाची आहे. बसलेल्या माणसाचा गुडघा समोर आदळला की तो धक्का मांडीच्या हाडातून सरळ मागे खुब्यापर्यंत जातो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कंबरेच्या हाडातल्या खोल उखळीत बसलेला असतो आणि उखळीला मागून एक भिंत असते. गुडघे जवळ घेतलेले असतील तर गोळा भिंतीच्या कडेवरून बाहेर निसटण्याची शक्यता जास्त. सांधा निखळतो, भिंत बऱ्याचदा वाचते. गुडघे फाकलेले असतील तर गोळा थेट भिंतीवर आपटतो आणि भिंत घेऊनच बाहेर पडतो. अपघातात निखळणाऱ्या दहा खुब्यांपैकी साधारण नऊ असे मागच्या बाजूलाच जातात. भावाच्या मांड्यांमध्ये करंडी होती. त्याचा खुबा निखळला आणि उखळीची मागची भिंतही फुटली.

रक्त मात्र गुडघ्यातून येत होतं. त्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्यांचं लक्ष गुडघ्यावर. मोटरसायकलवरून कामाला निघालेली दोन मुलं थांबली, एकाने रुमाल बांधला, दुसऱ्याने १०८ला फोन लावला. अँब्युलन्स येईपर्यंत जमलेल्यांपैकी कुणीतरी पाय सरळ करायला गेलं, तर त्याच मुलांनी त्याला अडवलं. कोण होती, कुठली, आम्हाला आजही माहीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे: अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून पुढे निघून जाणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी तरी सांगत असते.

मामाचा फोन आला तेव्हा घरात चर्चा रंगात आली होती. एक काका म्हणत होते, ठाण्याला आपल्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत, तिकडेच हलवू. शेजारचे एक जण गावाकडच्या हाडवैद्याचं नाव घेत होते; त्यांचा स्वतःचा खांदा त्याने बसवला होता. मामी रडत होती. मी एकच विचारलं, "पाय कसा पडलाय?" मामाने अँब्युलन्समधल्या डॉक्टरांना विचारून सांगितलं: आखूड झालाय, आत वळलाय. मी म्हटलं, "मामा, आता कुठेही हलवाहलवी नको. अँब्युलन्स जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेतेय ना, तिथेच जाऊ दे. आधी खुबा जागेवर बसवून घ्या. पुढचं ऑपरेशन कुठे करायचं ते उद्या ठरवू, परवा ठरवू."

असं का म्हटलं, ते नीट सांगते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या हाडाच्या मानेला मागून वळसा घालून वर चढतात. गोळा उखळीबाहेर जाऊन मागे अडकला की त्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, काही तुटतातही. तुटलेल्या परत जोडता येत नाहीत. पण ज्या नुसत्या पिळल्या आहेत, त्या गोळा परत जागी गेला की मोकळ्या होऊ शकतात. म्हणूनच ६ तासांच्या आत खुबा बसवावा असं सांगतात. उशीर जितका जास्त, तितकी गोळा रक्ताविना मरण्याची भीती जास्त. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. तरण्या माणसाचा खुबा वर्ष-दोन वर्षांत खचतो तो त्यामुळे. या ६ तासांत रस्त्यावर पडलेला वेळ येतो, अँब्युलन्सचा येतो, केसपेपरचा, एक्स-रेच्या रांगेचा आणि भूलतज्ज्ञ मोकळा होईपर्यंतचाही. त्यात मुंबईच्या सकाळच्या ट्रॅफिकमधून मानखुर्द ते ठाणे असा प्रवास कुठे बसवणार?

हाडवैद्यांबद्दल माझ्या मनात तुच्छता नाही. आमच्या आजोळी सगळ्यांचे मुरगळलेले पाय त्यांनीच बरे केले. पण खुब्याभोवतीचे स्नायू इतके दणकट असतात की भूल देऊन ते सैल केल्याशिवाय ओढाओढ करू नये. शिवाय गोळ्याखालच्या मानेला आधीच बारीक तडा गेलेला असेल, तर ओढताना ती पुरती मोडते. हा तडा एक्स-रेत बघायचा आणि मगच हात लावायचा. हे चटईवर बसून कळत नाही.

पालिकेच्या त्या रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची नोंद झाली, एक्स-रे झाला. मी पोहोचले तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर, माझ्या भाच्याच्या वयाची मुलगी, भावाच्या पायाशी वाकून म्हणत होती, "दादा, अंगठा वर करा. माझ्या बोटाला ढकला." डावा अंगठा लगेच वर झाला. उजवा थरथरला, अर्धा आला. तिने तेवढं कागदावर लिहिलं, वेळ टाकली, सही केली. मला त्या मुलीचे पाय धरावेसे वाटले. खुब्याच्या अगदी मागून सायटिक नस जाते. गोळा मागे आला की ती चेपली जाते, विशेषतः पाऊल वर उचलणारा तिचा भाग. ओढण्याआधी नस कशी होती, हे कागदावर असल्याशिवाय नंतर कुणालाच काही ठरवता येत नाही. कॅज्युअल्टीत आजूबाजूला आरडाओरड चाललेली असताना तेवढं अर्धं मिनिट अंगठ्यासाठी काढणं, हीच मला खरी वैद्यकी वाटते.

खुबा बसवण्याची पद्धत जुनी आहे. बोस्टनचे सर्जन हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ मध्ये निखळलेल्या खुब्यावर पुस्तकच लिहिलं होतं. पुढे ॲलिस, स्टिमसन यांच्या नावांच्या पद्धती आल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी करतात ती ॲलिस यांची. पेशंटला भूल देऊन उताणं झोपवतात. एक जण कंबर दोन्ही हातांनी खाली दाबून धरतो. दुसरा टेबलावर चढून उभा राहतो, पेशंटचा खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवतो आणि मांडी सरळ वर ओढतो. झटका नाही, हिसका नाही; एकसारखी, वाढत जाणारी ओढ आणि तिच्याबरोबर मांडीला आत-बाहेर हलकं वळण. मग जाणवण्यासारखा एक 'खट्' होतो आणि पायाची लांबी परत येते. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दर वेळी त्या क्षणी खोलीतले सगळे एकदम श्वास सोडतात. भावाचा खुबा बसला तेव्हा अपघाताला चार तास होत आले होते. बाहेर आल्यावर त्याच मुलीने पुन्हा अंगठा तपासला. तितकाच हलत होता, कमी झाला नव्हता.

यानंतर सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेत न दिसणारं सगळं त्यात उघडं पडतं. भिंतीचे तीन तुकडे झाले होते. उखळीच्या कडेचा, कूर्चेने म्हणजे सांध्याच्या गुळगुळीत अस्तराने मढवलेला एक भाग आतल्या जाळीदार हाडात दबून गेला होता, आणि हाडाचा एक छोटा कण गोळा आणि उखळी यांच्या मध्ये अडकला होता. भिंतीचा साधारण निम्मा भाग गेला असेल तर खुबा बसवूनही टिकत नाही, बसताना पुन्हा निसटतो. म्हणजे ऑपरेशन अटळ. तो कण सांध्यात घासून कूर्चा खरवडू नये म्हणून ट्रॅक्शन लावलं: गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडातून एक पिन आरपार, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, शेवटी वजनं. पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे. एरवी पिन गुडघ्याच्या खालीही घालतात, पण त्याच्या गुडघ्यालाही मार होता. आतले लिगामेंट शाबूत आहेत की नाही हे ठरेपर्यंत गुडघ्यावर ताण नको होता.

आता खरं ऑपरेशन. ते त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मामाचा तोल गेला. "पोरगा पायाला वजनं लटकवून पडलाय आणि यांना तारीख सापडत नाही?" काकांनी पुन्हा ठाण्याचा विषय काढला. मी मामाला व्हरांड्यात घेऊन गेले. त्याला सांगितलं, की आता गोळा घरात आहे, रक्त मिळतंय, घड्याळ थांबलंय. फुटलेल्या हाडातून पहिले दोन-तीन दिवस रक्त झिरपत असतं. त्यात उघडलं तर रक्तस्राव आवरत नाही. सीटी बघून ऑपरेशनची आखणी करायची असते, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायच्या असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे ऑपरेशन प्रत्येक हाडाच्या डॉक्टरचं नाही. ज्याचा हात पेल्व्हिसच्या, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या कामावर बसलाय त्याची यादी असते, त्या यादीत नंबर लागायला हवा. दोन आठवड्यांच्या आत झालं की चांगलं. तीन आठवडे उलटले की मात्र तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागतं आणि ते जुळवणं फार अवघड होतं. "मामा, भांडायचं असेल तर तिसऱ्या आठवड्यात भांड, मी येते बरोबर." तो ऐकून गप्प झाला, पटलं होतं की नाही देव जाणे.

वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं नसतं, हेही सांगायला हवं. त्या काळात मी त्याच्याकडून घोट्याचे व्यायाम करून घेत होते, श्वासाचे करून घेत होते. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. म्हणून पोटात रोज इंजेक्शन सुरू होतं. उजवं पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंट बांधला होता. मामाने त्याच दिवसांत रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर कागद पूर्ण केले.

या ऑपरेशनचा इतिहास फार जुना नाही. १९५०च्या दशकापर्यंत जगभर बहुतेक ठिकाणी उखळी फुटली की ट्रॅक्शन लावून महिनोन् महिने झोपवून ठेवत. ते हाड इतकं खोल, इतकं वळणांचं, आजूबाजूला एवढ्या मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या, की सर्जन तिथे जायला कचरत. पॅरिसमध्ये रोबेर ज्युदे आणि त्यांचे शिष्य एमिल लेतूर्नेल यांनी हे बदललं. लेतूर्नेल कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या सँ-पिएर-मिकलों या चिमुकल्या फ्रेंच बेटांवर १९२७ साली जन्मले. त्यांनी आधी हाड वाचायला शिकवलं. उखळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन खांबांमध्ये पेललेली आहे असं मांडलं. पेशंटला एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर ४५ अंशांत कलता ठेवून एक्स-रे काढले की कुठला खांब, कुठली भिंत मोडली ते ओळखता येतं, हे दाखवलं. १९६४ साली त्यांनी उखळीच्या फ्रॅक्चरचे दहा प्रकार सांगितले, पाच साधे, पाच मिश्र, आणि कुठल्या प्रकाराला कुठल्या बाजूने शिरायचं तेही. आज गल्लोगल्ली सीटी मशीन आलं तरी मुंबईतल्या वॉर्डात रेसिडेंट राउंडला तेच दहा प्रकार घोकत असतात आणि 'ज्युदे व्ह्यू', म्हणजे तेच कलते एक्स-रे, 'काढलेत का?' हा सरांचा पहिला प्रश्न असतो. लेतूर्नेल १९९४ मध्ये गेले. माझ्या भावाच्या केसपेपरवर लिहिलेलं 'पोस्टेरियर वॉल' हे निदान त्यांच्याच यादीतलं.

मागची भिंत हा त्या यादीतला सगळ्यात जास्त आढळणारा आणि कागदावर सगळ्यात सोपा प्रकार. निकाल मात्र तितके सोपे नसतात. मला हे माझ्या शिक्षकांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं: भिंत फुटलेला पेशंट हलक्यात घेऊ नका.

शिकत असताना मी असं एक ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून पाहिलं होतं, म्हणून भावाच्या ऑपरेशनच्या वेळी आत काय चाललं असेल ते मला बाहेरच्या बाकावर दिसत होतं. पेशंट कुशीवर किंवा पालथा. कुल्ल्यावरून मांडीच्या बाजूला उतरणारा वळणदार छेद, कोखर आणि लांगेनबेक या दोघांच्या नावाचा. मोठा स्नायू त्याच्या तंतूंच्या रेषेत उलगडायचा. मग सायटिक नस शोधायची. करंगळीएवढी जाड, पिवळट पांढरी. तेव्हापासून शेवटपर्यंत एका सहायकाचं काम एवढंच की पेशंटचा गुडघा वाकलेला ठेवायचा, कारण गुडघा सरळ झाला की ती नस ताणली जाते. तो सहायक ऑपरेशन संपेपर्यंत तो गुडघा सोडत नाही. त्याचं नाव कुठेही येत नाही, पण पेशंटचं पाऊल उद्या उचललं जाणार की नाही, यात त्याच्या हाताचा मोठा वाटा असतो.

खुब्यामागचे लहान स्नायू दोऱ्यांत ओवून, हाडापासून जरा अंतर राखून सोडवतात. त्यांच्या खालचा चौकोनी स्नायू मात्र तसाच ठेवतात, कारण गोळ्याला रक्त देणारी वाहिनी त्याच्या आडून जाते. अपघातातून जे वाचलं ते चाकूने घालवायचं नाही, ही काळजी पावलोपावली. भिंतीचे तुकडे सांध्याच्या आवरणाला चिकटून असतात, तो धागा तोडायचा नाही, त्यातूनच त्या तुकड्यांना रक्त मिळतं. मग पाय ओढून सांधा उघडायचा, आत पाण्याने धुवायचं, अडकलेला कण काढायचा. दबलेला कूर्चेचा भाग हळूच उचलून गोळ्याला टेकवायचा: गोळा शाबूत असतो, त्याच्या गोलाईवर बेतून उखळीची गोलाई परत बसवायची. उचललेल्या भागाखाली पोकळी राहते, ती शेजारच्या हाडातून काढलेल्या भुशाने भरायची. वर भिंतीचे तुकडे, त्यांना स्क्रू, आणि सगळ्यावर ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूंची लांब वळवलेली प्लेट. ती हाडाच्या वळणापेक्षा मुद्दाम किंचित कमी वाकवतात, म्हणजे टोकांचे स्क्रू आवळले की मधला भाग भिंतीवर दाब धरतो. शेवटी सी-आर्म म्हणजे टेबलावरच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली पाय सगळ्या दिशांनी फिरवून बघायचं की एकही स्क्रू सांध्यात घुसलेला नाही.

तुकडे किती जुळले हे मिलिमीटरमध्ये मोजतात. लेतूर्नेल यांच्याकडे शिकलेले अमेरिकन सर्जन जोएल मॅट्टा यांची मापं सगळीकडे वापरतात: १ मिलिमीटरपर्यंतची फट म्हणजे अचूक, २ ते ३ म्हणजे कसंबसं, ३च्या वर म्हणजे वाईट. माणसाच्या अख्ख्या वजनाखाली रोज हजारो वेळा फिरणाऱ्या सांध्यात अशी पायरी राहिली तर कूर्चा तिथून झिजायला लागते. साडेतीन तासांनी भावाचं ऑपरेशन करणारे सर बाहेर आले. "चांगलं बसलंय," म्हणाले. मग मामीकडे बघून, अगदी हळू आवाजात, पण एकही गोष्ट न वगळता सांगितलं, की पुढे संधिवात होऊ शकतो, गोळा खराब होऊ शकतो, खुबा बदलावा लागू शकतो, आणि हे कळायला वेळ जाईल. मला ते फार आवडलं. आशा दाखवायची म्हणून खोटं बोलले नाहीत आणि जबाबदारी झटकायची म्हणून घाबरवलंही नाही.

पुढे माझं काम. स्नायूंत नको तिथे हाड धरू नये म्हणून सरांनी काही आठवडे इंडोमेथासिन नावाचं औषध दिलं. सगळेच सर्जन देतात असं नाही. दुसऱ्या दिवशी बसवलं, मग वॉकरवर उभं केलं. "पाय जमिनीला टेकव, पण अंडं फुटणार नाही इतकाच," हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून म्हणत आले आहे. साधारण तीन महिने त्या पायावर वजन नाही. खुबा काटकोनाच्या पुढे वाकवायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.

आणि घर लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, त्याची पायरी उंच. शौचालयं गॅलरीच्या टोकाला, सगळी भारतीय पद्धतीची. झोपायचं जमिनीवर, जेवायचं जमिनीवर. परदेशी पुस्तकातल्या सूचना वाचून या माणसाला घरी पाठवणं म्हणजे त्याचं ऑपरेशन वाया घालवणं. डिस्चार्जच्या कागदावर 'अव्हॉइड स्क्वॉटिंग' असे दोन शब्द लिहून भागत नाही. तो सकाळी जाणार कुठे, हे कुणीतरी बसून विचारलं पाहिजे. आम्ही कमोडची खुर्ची भाड्याने आणली, खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावला. चाळीच्या मंडळाने एक लोखंडी कॉट दिली, तिच्या पायांखाली विटा घालून उंची वाढवली. वर न्यायला मंडळाचीच चार पोरं आली; खुर्चीत बसवून, उजवा पाय लांब धरून, एक जण नुसता पायच सांभाळत. तीन महिने तो खाली उतरला फक्त तपासणीला. आपली विष्ठा आईला उचलावी लागते याची त्याला इतकी शरम होती, की पहिले काही दिवस तो जेवणच कमी करायला लागला. मामीला ते कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "लहानपणी काय कमी काढलीय का?" आणि ताटात आणखी एक पोळी वाढली. खुब्याच्या ऑपरेशनबद्दल बोलताना हे कुणी लिहीत नाही. माझ्या मते या तीन महिन्यांचा निम्मा इलाज तोच आहे.

वजन द्यायला लागल्यावर कुबड्या, मग एक काठी. जिन्यावर 'चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी' हे त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. सगळ्यात सावकाश आली ती नस. स्प्लिंट घालून चालत होता, पाऊल लोंबतं म्हणून दर पावलाला गुडघा उंच उचलत. मार्चमध्ये अंगठा पूर्ण वर आला. पावसाळा सुरू होता होता स्प्लिंट सुटला. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याला लोकलने जाऊ दिलं नाही. प्लॅटफॉर्म आणि डबा यांतली उंची आणि मागून येणारा लोंढा, हे दोन्ही त्या खुब्याला झेपणारं नव्हतं.

टेम्पोच्या त्या सीटला पट्टा होता. सीटच्या मागे खोचून ठेवलेला, धुळीने कडक झालेला. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा केला; उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ अपघाती मृत्यू झाला त्यानंतर. पण मालवाहू टेम्पोत शेजारच्या सीटवर दोन माणसं, पायाशी डबा, मांडीवर पिशवी, हे मला आजही रोज सायन-पनवेल रस्त्यावर दिसतं. पट्ट्याने प्रत्येक गुडघा वाचतो असा दावा मी करणार नाही. पण अंग पुढे सरकणं कमी झालं तर डॅशबोर्डवर बसणारा मार कमी होतो, आणि भिंत फुटायची की नाही हे त्या मारावरही ठरतं. फुलांच्या, भाजीच्या, दुधाच्या गाड्यांवर पहाटे जाणारी ही पोरं विशी-तिशीतली असतात. त्यांच्या वयात खुबा बदलायची वेळ आली तर तो कृत्रिम सांधाही आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते, पुन्हा बदलावा लागू शकतो. साठीच्या, ठिसूळ हाडांच्या पेशंटला कधी कधी पहिल्याच झटक्यात खुबा बदलणं बरं पडतं. यांना तो पर्याय शेवटचाच ठेवावा लागतो.

भाऊ आता गाळ्यावर असतो. माल आणायला दुसरा जातो. दुपारी उभं राहून पाय भरून आला की उंच स्टुलावर बसतो, खाली नाही. तपासणीला गेलं की सर जांघेत दुखतं का विचारतात, पाय आत वळवून बघतात, मग एक्स-रे दिव्यावर लावून गोळ्याची गोलाई निरखतात. रक्ताविना मेलेला गोळा बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत तोंड दाखवतो, आणि ती दोन वर्षं अजून पुरी झालेली नाहीत. मागच्या वेळी गोलाई नीट होती, सांध्यातलं अंतरही टिकून होतं. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. घरच्या पूजेला त्याला पाटावर बसू दे म्हणून मामी माझ्या मागे लागली आहे. सरांनी अजून तरी परवानगी दिलेली नाही, म्हणून मीही दिलेली नाही.